सिकलसेल विकाराच्या उपपत्तीत पाण्याचे स्थान

जीवरसायनाच्या पाठ्यग्रंथांची एक ठरीव मांडणी आहे. प्रारंभी पाण्याचे प्रकरण येते. त्यात हायड्रोजन-बंध, आयनीभवन, सामू आणि बफर द्रावणे यांचा परामर्श घेतला जातो. मग अ‍ॅमिनो आम्ले, प्रथिने, शर्करा, स्निग्ध द्रव्ये व न्यूक्लिइक आम्ले यांची प्रकरणे क्रमाने लागतात, आणि पाण्याचा जवळजवळ कायमचा निरोप घेतला जातो. पुढे शेदोनशे पानांनंतर सिकलसेल विकार हा आनुवंशिक दोषाचे उदाहरण म्हणून अवतरतो: डीएनएमधील एक अक्षर बदलले, म्हणून हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, म्हणून पेशी विळ्याच्या आकाराची झाली. या तीन वाक्यांतील पहिल्या दोहोंमध्ये कार्यकारणभाव स्पष्ट आहे. दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यांमध्ये मात्र जे अंतर आहे ते ‘म्हणून’ या एका शब्दाने भरून काढलेले असते. त्या अंतरातच पाणी आणि आम्लता यांचे सारे कार्य दडलेले आहे, आणि प्रचलित उपपत्तीचे वैगुण्यही तेथेच आहे.

हा केवळ प्रकरणांच्या क्रमाचा प्रश्न असता तर त्याची विशेष दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु उत्तर महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हा विकार पुस्तकाबाहेर, आपल्या शेजारीच भेटतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, शहादा, नवापूर आणि नंदुरबार या सहाही तालुक्यांत भिल्ल, पावरा, मावची, कोकणी आदी समाजांची वस्ती आहे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे व त्यांचे सहकारी यांनी २००२ साली महाराष्ट्रातील या विकाराच्या प्रसाराचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात हे प्रमाण भिल्लांमध्ये शेकडा सुमारे २० आणि पावरांमध्ये सुमारे २५ असे नोंदविले आहे; यांतील बहुसंख्य अर्थातच वाहक होत. जेथे चार-पाच माणसांमागे एकाच्या रक्तात हे प्रथिन आहे, तेथे त्याची उपपत्ती कशी सांगितली जाते याला शैक्षणिक महत्त्वाहून अधिक महत्त्व प्राप्त होते. ‘रक्तातच दोष आहे’ एवढेच सांगितले तर ऐकणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही, आणि मुलीच्या सोयरिकीच्या वेळी तेवढेच वाक्य तिच्याविरुद्ध वापरले जाते.

या विषयातील मूलग्रंथ म्हणता येईल असा निबंध म्हणजे लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, सिंगर व वेल्स यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला, या विकारास ‘रेणूचा रोग’ ठरविणारा निबंध. त्याचे नाव सर्वांस ठाऊक असते. तो वाचणारे थोडे. वास्तविक तो आम्लतेच्या साहाय्याने केलेल्या मापनाचा एक नमुनेदार प्रयोग आहे. प्रथिनाच्या रेणूवरील निव्वळ विद्युत्‌भार द्रावणाच्या सामूनुसार बदलतो; एका विशिष्ट सामूला तो शून्य होतो व विद्युत्‌क्षेत्रात रेणू जागचा हलत नाही. पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी फॉस्फेट बफरमध्ये निरनिराळ्या सामूंना इलेक्ट्रोफोरेसिस करून हा बिंदू दोन्ही हिमोग्लोबिनांसाठी काढला. सिकल पेशीतील हिमोग्लोबिनचा बिंदू सामान्याहून सुमारे ०.२३ ने वरचा निघाला. एवढ्या सूक्ष्म फरकावरून त्यांनी असे अनुमान केले, की सिकल हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूवर दोन ते चार धनभार अधिक असावेत. पुढे इंग्रॅमने १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे पेप्टाइडांचे पृथक्करण करून नेमका बदल दाखविला. दोन बीटा साखळ्यांतील प्रत्येकी एक ऋणभारी ग्लुटामिक आम्ल गेल्यामुळे फरक दोन भारांचा होतो. अनुमानाची खालची मर्यादा तंतोतंत खरी ठरली.

पण त्याच निबंधात दुसरा एक विचार आहे, आणि पाठ्यग्रंथांनी तो टाकून दिला आहे. केवळ भार बदलल्याने रेणू एकमेकांस चिकटतील असे पॉलिंगने म्हटलेले नाही. सिकल हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर असा एक भाग असावा, की जो शेजारच्या रेणूच्या पृष्ठभागावरील दुसऱ्या भागाला पूरक आहे आणि प्राणवायू सुटल्यावरच त्यास मिळतो, अशी कल्पना तेथे मांडली आहे. म्हणजे भार हा ओळखण्याचे चिन्ह होता; कारण म्हणून पुढे केलेली गोष्ट वेगळी होती. परंपरेने चिन्ह जतन केले आणि कारण विसरले, असे म्हणावयास हरकत नाही.

भार हे कारण नव्हे याचे प्रमाण शोधण्यास दूर जावे लागत नाही. सिकलच्या तपासणीत प्रथम विद्राव्यतेची चाचणी करतात आणि ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी. पहिल्या चाचणीत रक्ताचे काही थेंब तीव्र फॉस्फेट द्रावणात घालतात; सॅपोनिनने पेशी फुटतात, सोडियम डायथायोनाइटने प्राणवायू काढून घेतला जातो, आणि सिकल हिमोग्लोबिन असल्यास द्रावण इतके गढूळ होते की नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. दुसऱ्या चाचणीत, सामू ८.६ ला, सिकल हिमोग्लोबिन सामान्याहून मागे रेंगाळते. या दोन चाचण्या एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देतात असा विद्यार्थ्यांचा समज असतो. तो बरोबर नाही. उत्तर भारतात, विशेषतः पंजाबात, आढळणारे डी हिमोग्लोबिन घ्यावे. त्यात बीटा साखळीच्या १२१ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन आहे. भारातील फरक सिकलइतकाच. सामू ८.६ च्या पट्टीवर ते सिकलच्या जागीच थांबते आणि पाहणाऱ्यास फसविते. परंतु विद्राव्यतेच्या नळीत ते स्वच्छ राहते. पट्टी भाराविषयी विचारते आणि नळी पाण्याविषयी. दोन प्रश्न निराळे असल्यामुळेच दोन्ही चाचण्या लागतात. (वाहक आणि रुग्ण यांच्यात नळी भेद करू शकत नाही, तो पट्टीनेच होतो, हेही येथे नोंदवावयास हवे.)

याहून निर्णायक उदाहरण इंडोनेशियातील मकास्सर येथे सापडलेल्या हिमोग्लोबिनचे आहे. त्यात बदल त्याच सहाव्या स्थानी झालेला असून ग्लुटामिक आम्लाच्या जागी अ‍ॅलानिन आले आहे. जागा तीच, गेलेला भार तोच. तरीही पेशी विळ्यासारखी होत नाही. आणि पश्चिम आफ्रिकेत उगम पावलेल्या सी हिमोग्लोबिनमध्ये त्याच जागी धनभारी लायसिन आहे. भारातील फरक सिकलच्या दुप्पट, पण तेथेही सिकलसारखे तंतू बनत नाहीत. भार हेच कारण असते तर हा क्रम उलटा दिसावयास हवा होता.

मग व्हॅलिन काय करते? येथे रूढ उत्तर असे, की व्हॅलिन ‘जलद्वेष्टे’ असल्याने तेथे एक ‘चिकट’ जागा तयार होते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु त्यातील दोन्ही शब्द विचाराला पुढे जाऊ देत नाहीत. ‘जलद्वेष्टा’ किंवा ‘जलविरोधी’ या मराठी पर्यायांत कर्तृत्व त्या अणुसमूहाकडे जाते: जणू व्हॅलिन पाण्यापासून पळते. प्रत्यक्षात कर्ता पाणी आहे. पाण्याचे रेणू परस्परांशी हायड्रोजन-बंधांनी सतत जोडले जातात व सुटतात. ज्या पृष्ठभागाशी असा बंध करता येत नाही त्याच्याभोवती त्यांना अधिक नियमबद्ध रचनेत उभे राहावे लागते, त्यांची मोकळीक कमी होते. असे दोन पृष्ठभाग एकमेकांस भिडले की मधले पाणी बाहेर पडून मोकळे होते. या मुक्ततेचा लाभ हाच त्या ‘चिकटपणा’चा मुख्य आधार. वॉल्टर कॉझमनने १९५९ मध्ये प्रथिनांच्या संदर्भात ही उपपत्ती सविस्तर मांडली; म्हणजे पॉलिंगच्या निबंधानंतर दहा वर्षांनी. ‘जलवर्ज्य’ हा शब्द – पाण्याने ज्याला वगळले तो – या अर्थाला अधिक जवळचा वाटतो. परिभाषा समित्यांनी त्याचा विचार करण्यास प्रत्यवाय नसावा.

ही शब्दच्छलाची बाब नाही, कारण दोन शब्दांतून दोन निरनिराळी भाकिते निघतात. चिकटपणा जर सामान्य आकर्षणाचा असेल तर थंड केल्यावर तो वाढला पाहिजे. तूप थंडीत गोठते व उन्हात पातळ होते तसे. कर्तृत्व जर पाण्याच्या मोकळिकीकडे असेल तर तापमानाबरोबर तो वाढला पाहिजे. प्रयोगाचा निकाल स्पष्ट आहे. प्राणवायुविरहित सिकल हिमोग्लोबिनचे दाट द्रावण शरीराच्या तापमानाला घट्ट होते, आणि तेच बर्फात ठेवले की पुन्हा वाहू लागते. तुपाच्या नेमके उलट. (रुग्णांच्या वेदना थंडीत वाढतात, हा अनुभव याच्या विरुद्ध जाणारा नव्हे; थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात व रक्त तेथे अधिक वेळ रेंगाळते. शरीराच्या आतले तापमान फारसे बदलत नाही.)

पूरक पृष्ठभागाची पॉलिंगची कल्पनाही पुढे खरी ठरली. एका रेणूतील व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरील ८५ व्या फेनिलअ‍ॅलानिन आणि ८८ व्या ल्युसिन यांच्या खळग्यात जाऊन बसते, आणि हा खळगा प्राणवायू सुटलेल्या रूपातच नीट उघडा असतो. अ‍ॅलानिनही पाण्याशी सलगी करणारे नाही. परंतु ते लहान आहे आणि खळगा भरून काढण्याइतके पाणी त्याच्यामुळे मोकळे होत नाही. अशा संपर्कांतून चौदा पदरांचा तंतू तयार होतो. ५७४ अ‍ॅमिनो आम्लांच्या रेणूत दोन जागा बदलल्याने एवढे घडावे याचे आश्चर्य पाण्याला वगळून उलगडत नाही.

येथपर्यंतचे विवेचन रेणूंविषयी झाले. परंतु रोग रेणूंच्या स्वभावाने होत नाही, तो पेशीतील त्यांच्या दाटीने होतो. आणि या बाबतीत तर पाठ्यग्रंथ बहुधा मौनच पाळतात. तांबड्या पेशीच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाणी असते व दर डेसिलिटरमध्ये हिमोग्लोबिन साधारण ३३ ग्रॅम. उलट प्राणवायू पूर्णपणे सुटलेल्या सिकल हिमोग्लोबिनची ३७ अंशांना विद्राव्यता दर डेसिलिटरला फक्त १६ ते १७ ग्रॅम. म्हणजे प्राणवायू पूर्ण गेल्यास पेशीतील द्रावण दुपटीने अतिसंपृक्त असते. या हिशोबाने रुग्णाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक पेशी घट्ट व्हावयास हवी. ती होत नाही. आणि का होत नाही, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी १९७४ मध्ये दिले. केशवाहिनीत प्राणवायू पूर्णपणे जात नाही हे एक. परंतु त्याहून महत्त्वाचे असे, की तंतू लगेच बनत नाहीत. आधी काही काळ काहीच घडत नाही, मग पहिली केंद्रे तयार होतात, आणि त्यानंतर सर्व द्रावण झपाट्याने गोठते. हा विलंबकाळ केशवाहिनी ओलांडण्यास लागणाऱ्या सुमारे एका सेकंदापेक्षा अधिक असला तर पेशी सुखरूप मोठ्या वाहिनीत परतते व तिला पुन्हा प्राणवायू मिळतो. विलंबकाळ हिमोग्लोबिनच्या संहतीवर अवलंबून असतो आणि हे अवलंबन विलक्षण तीव्र आहे: शुद्ध द्रावणात संहतीच्या तिसाव्या घाताच्या आसपास, पेशीतल्यासारख्या दाट द्रावणात त्याहून कमी, पंधराव्या घाताच्या जवळपास. रसायनशास्त्रात दुसऱ्या-तिसऱ्या घातांची सवय झालेल्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबून आकडेमोड करावी. पेशीतील पाणी कमी होऊन संहती शेकडा दहाने वाढली, म्हणजे ३३ ची ३६ झाली, तर तिसाव्या घाताने विलंबकाळ सतरापट घटतो. पंधरावा घात धरला तरी चौपट. संहती शेकडा पाचनेच वाढली तरी तिसाव्या घाताचा हिशोब चौपटीचा येतो. चार सेकंदांचा अवकाश एका सेकंदावर येणे याचा अर्थ केशवाहिनीच्या अलीकडे आणि पलीकडे असणे, एवढा आहे.

याच ठिकाणी सी हिमोग्लोबिनचे कोडे उलगडते. ज्याच्या अंगी सिकल व सामान्य अशी दोन हिमोग्लोबिने आहेत तो वाहक बहुधा निरोगी राहतो. सिकल व सी असणारा मात्र रुग्ण होतो, जरी सी स्वतः तंतू बनवीत नाही. सिकलचा वाटा वाहकात सुमारे ४० टक्के असतो, येथे तो ५० च्या जवळ जातो, हे एक कारण. दुसरे असे, की सी हिमोग्लोबिन पेशीच्या आवरणातून क्षार व त्यांबरोबर पाणी बाहेर घालविते. उलट पश्चिम भारतातील आदिवासींमध्ये पुष्कळ आढळणाऱ्या अल्फा थॅलसेमियात पेशीतील हिमोग्लोबिनची संहतीच उतरते, आणि तेथे सिकल पेशी अधिक काळ टिकतात. भारतात आढळणाऱ्या अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात शिल्लक राहते. ते तंतूत सामील होत नाही, आणि सिकलची परिणामी संहती कमी करते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा मुख्य गुण हाच: गर्भहिमोग्लोबिन वाढविणे व पेशी मोठी करणे. हे सारे भेद जनुकांच्या यादीत एकमेकांशी संबंध नसल्यासारखे दिसतात. पेशीतील दाटीच्या दृष्टीने पाहिले की ते एका सूत्रात बसतात.

आता आम्लतेचा विचार. सामूचे माप सोरेन्सनने १९०९ मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रूढ केले. ते सोयीचे आहे, परंतु त्याने मोठे बदल लहान दिसतात, ही त्याची खोडही लक्षात ठेवावी. शेतकऱ्याला जमिनीचा सामू साडेसातवरून आठवर गेला म्हणजे काय होते ते पिकावरून कळते. विद्यार्थ्याला रक्ताचा सामू ७.४ चा ७.२ झाला तर दशांशाच्या दोन घरांचे काय ते वाटते. प्रत्यक्षात हायड्रोजन आयन दर लिटरला ४० नॅनोमोलवरून ६३ वर जातात. दीडपटीहून अधिक वाढ. ख्रिश्चन बोर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये दाखविले, की कर्बवायूचा दाब वाढला की हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडते. आज आपण हा परिणाम मुख्यतः आम्लतेचा समजतो. निरोगी माणसात ही व्यवस्था उपकारक आहे, कारण श्रम करणाऱ्या स्नायूला त्यामुळे प्राणवायू मिळतो. सिकल पेशीत तीच व्यवस्था खळगा उघडते. शिवाय आम्लतेने पेशीच्या आवरणातील पोटॅशियम व क्लोराइड यांची एकत्र वाहतूक वाढते, ते बाहेर जातात, त्यांच्यामागे पाणी जाते, आणि दाटी वाढते. पेशी एकदा विळ्यासारखी झाली की तिच्यात कॅल्शियम शिरते व गार्डोस मार्ग उघडून आणखी पोटॅशियम आणि पाणी निघून जाते. पाणी, आम्लता व प्रथिन यांची तीन प्रकरणे ग्रंथात वेगवेगळी असली तरी पेशीत ती एकाच पानावर आहेत.

हे एकत्र येणे शरीरात सर्वांत स्पष्ट दिसते ते मूत्रपिंडाच्या अंतर्भागात. तेथे प्राणवायू अत्यल्प असतो, सामू कमी असतो, आणि मूत्र दाट करण्यासाठी क्षारांची तीव्रता रक्ताच्या तिप्पट-चौपटीपर्यंत चढविलेली असते. म्हणजे पेशीतील पाणी खेचले जाते, प्राणवायू सुटतो व रेणूंना दाटी होते, तिन्ही एकाच वेळी. तेथील सूक्ष्म वाहिन्या लहान वयातच निकामी होतात आणि रुग्णाची मूत्र दाट करण्याची शक्ती जाते. वाहकातही ती काही अंशी उणावते. परिणाम असा, की ज्याला पाणी राखून ठेवण्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्याच अंगातून ते अधिक वाहून जाते. सिकलच्या मुलाने रात्री पुनःपुन्हा उठणे वा अंथरूण ओले करणे हे आळसाचे लक्षण नव्हे. ते या रसायनाचे दृश्य रूप आहे.

या उपपत्तीला एक आक्षेप घेता येईल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाणी जर एवढे निर्णायक असेल तर पेशीत पाणी राखून रोग हटवता आला पाहिजे. तसे प्रयत्न झाले आहेत. १९८० मध्ये रोसा व सहकाऱ्यांनी रक्तातील सोडियम मुद्दाम उतरवून पेशी फुगविल्या. मोजक्या रुग्णांत वेदनांचे झटके कमी झाले, पण हा उपाय जोखमीचा व किचकट असल्याने रुजला नाही. पुढे गार्डोस मार्ग बंद करणारे सेनिकॅपॉक हे औषध निघाले. त्याने पेशींचा नाश घटला व हिमोग्लोबिन वाढले. वेदनांचे झटके मात्र कमी झाले नाहीत, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ते तसे नमूद आहे. यावरून पाण्याची उपपत्ती खोटी ठरत नाही. परंतु पेशी घट्ट होणे आणि वाहिनी तुंबणे या दोन घटना एक नव्हेत, दुसरीत पांढऱ्या पेशी, वाहिनीचे अस्तर व दाह यांचाही भाग आहे, हे सिद्ध होते. पाण्याच्या उपपत्तीवर सर्व भार टाकणे ही पॉलिंगच्या भारावर सर्व भार टाकण्यासारखीच चूक होईल. नुसते पाणी प्यायल्याने पेशीतील पाणी वाढते असेही नाही, कारण मूत्रपिंड ते बाहेर टाकते. पाणी न मिळाल्यास मात्र रक्तद्रवाची तीव्रता वाढते आणि पेशी आकसते, याविषयी शंका नाही. पाण्याचा उपयोग रोग बरा करण्यात नसून तो चेतविणारे एक कारण दूर ठेवण्यात आहे.

ही मर्यादा मान्य करूनही नंदुरबारच्या संदर्भात तिचे वजन मोठे आहे. सिकलविषयीच्या सूचनांत ‘पाणी भरपूर प्यावे’ हे वाक्य असते. फॉलिक आम्ल घ्यावे, थंडीपासून जपावे, ताप अंगावर काढू नये, अशा यादीत ते एक. जीवरसायनाचा पदवीधरही त्याकडे आजीबाईच्या सल्ल्यासारखे पाहतो, कारण त्याच्या पुस्तकात रोगाचे कारण जनुकाच्या प्रकरणात आहे आणि पाणी पहिल्या प्रकरणात संपलेले आहे. वस्तुतः त्या सूचनेच्या मागे विलंबकाळाचा तिसावा घात उभा आहे. आणि ती पाळणे हे रुग्णाच्या इच्छेवर थोडेच अवलंबून असते. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरातील पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी चढण चढून आणावे लागते; आणि दिवाळीनंतर जी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात त्यांच्या कामाच्या जागी पिण्याचे पाणी किती व किती जवळ असेल, हे मुकादम ठरवितो. उन्हात कोयता चालविणाऱ्याच्या स्नायूंत आम्लता वाढलेली, घामाने पाणी गेलेले, मूत्रपिंड ते राखण्यास असमर्थ: वर तीन प्रकरणांत विभागलेले सारे रसायन तेथे एका देहात भरते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. २०४७ पर्यंत निर्मूलन आणि सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु वाहकाच्या हाती दिलेले कार्ड जनुकाची भाषा बोलते: कोणी कोणाशी विवाह करू नये, एवढे ते सांगते. ती भाषा आवश्यक आहे, पुरेशी नाही. रेणू जन्माने मिळतो. त्याच्याभोवतीचे पाणी, त्याची दाटी आणि आम्लता यांवर शेताच्या बांधावरील घागरीचाही अधिकार चालतो. पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत विद्राव्यतेची चाचणी आज निदानाची एक कृती म्हणून करविली जाते. तीच नळी प्रथम ३७ अंशांच्या जलकुंडात व मग बर्फात ठेवून पाहावयास लावली, आणि शेजारी डी हिमोग्लोबिनचा नमुना ठेवला, तर पहिल्या प्रकरणातील पाण्याला पुढच्या सर्व प्रकरणांत पुन्हा प्रवेश मिळेल. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याचीही गरज नाही. एक बर्फाचे भांडे पुरेल.